आजीचे तिकीट

मे महिना लागला की कोकण रेल्वेच्या रुळांवर एक विलक्षण देवघेव सुरू होते. मुंबईचा चाकरमानी आंब्याफणसाच्या ओढीने बायकामुलांसह दक्षिणेकडे निघतो आणि त्याच सुमारास रत्नागिरीतील एखाद्या शिक्षकाचे वा कारकुनाचे कुटुंब मुलांच्या हट्टापायी उत्तरेकडची गाडी पकडते. एकाला विहिरीचे, माजघराचे आणि पडवीतल्या झोपाळ्याचे नवल. दुसऱ्याला आकाशात उलटेपालटे होणाऱ्या यांत्रिक झोक्यांचे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे खुली झाल्यापासून ही दुहेरी वाहतूक सोपी झाली. उत्तरेकडे निघालेल्या या कुटुंबाला मेच्या आरंभी जाताना त्यातल्या त्यात जागा मिळते. चार दिवसांनी परतताना मात्र चाकरमान्यांच्या गर्दीत अंग चोरून बसावे लागते.

या कुटुंबाच्या प्रवासात एक गोष्ट मात्र हमखास आढळते. गाडीत आईवडील असतात, दोन मुले असतात, आजी नसते. ती रत्नागिरीतच राहते. ‘मी काही त्या पाळण्यांत बसायची नाही, मग माझे तिकीट फुकट कशाला काढता?’ असा तिचा सवाल असतो आणि त्याला घरात कोणाजवळ उत्तर नसते. हिशेब तर तिचाच बरोबर असतो. हीच आजी मार्लेश्वरच्या संक्रांतीच्या यात्रेला किंवा भैरीच्या शिमग्याला नातवंडांचा हात धरून जाते, तेव्हा तिच्या तिकिटाचा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. मग मनोरंजन उद्यानाच्या फाटकाशीच तो का उभा राहतो? आजीची प्रकृती हे त्याचे एक कारण असेल. पण मोठे कारण तिकीट आकारण्याच्या पद्धतीत दडलेले आहे.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गाला या उद्यानांची ओळख झाली ती १९८९ साली गोराईला सुरू झालेल्या एस्सेलवर्ल्डमुळे. खाडी ओलांडून तेथे जाणे हाही सहलीचाच भाग असे. १९९८ साली त्याच्या शेजारी वॉटर किंगडम आले. २०१३ साली खोपोलीजवळ, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत, इमॅजिका सुरू झाले आणि परदेशी धर्तीचे थीम पार्क रत्नागिरीकरांच्या एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात आले. पनवेलला उतरावे आणि पुढे सुमारे चाळीस किलोमीटर रस्त्याने जावे. एस्सेलवर्ल्ड २०२२ साली बंद झाले, तर इमॅजिकाची मालकी त्याच वर्षी कर्जाच्या ओझ्यापायी बदलली. या धंद्यात भांडवल किती अडकते आणि ते वसूल करणे किती कठीण असते, याची कल्पना या दोन घटनांवरून यावी.

हा धंदा मुळात स्थिर खर्चाचा आहे. जमीन, यंत्रे, देखभाल, सुरक्षा आणि कर्जावरील व्याज यांचा खर्च दारात शंभर माणसे आली काय किंवा पाच हजार आली काय, जवळपास तेवढाच राहतो. चालू झोक्याच्या रिकाम्या आसनावर आणखी एक मूल बसले म्हणून मालकाचा खर्च फारसा वाढत नाही. अशा वेळी पैसा कोठे घ्यावा? फाटकावर, की प्रत्येक झोक्यापाशी?

अर्थशास्त्रज्ञांनी हा प्रश्न गमतीचा म्हणून सोडून दिलेला नाही. वॉल्टर ओई यांनी १९७१ साली डिस्नेलँडचे उदाहरण घेऊन यावर एक निबंध लिहिला आणि तो पुढे दुहेरी दरपद्धतीच्या अभ्यासाचा पाया ठरला. त्याचे सार सोप्या शब्दांत असे : मक्तेदाराने प्रत्येक खेळाचा दर प्रत्यक्ष खर्चाइतकाच, म्हणजे नगण्य, ठेवावा आणि त्या खेळांपासून गिऱ्हाइकाला जो एकूण आनंद मिळेल त्याची किंमत फाटकावरच वसूल करावी. सगळी गिऱ्हाइके सारख्याच आवडीची असतील तर मालकाला सर्वांत जास्त लाभ अशानेच होतो. पाठ्यपुस्तकांत ज्याला ‘उपभोक्त्याचे संतोषाधिक्य’ म्हणतात, ते गिऱ्हाइकाच्या खिशातून मालकाच्या गल्ल्यात जाते. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १९५५ साली उघडले आणि त्यानंतर अनेक वर्षे तेथे खेळांच्या प्रतीनुसार वेगवेगळ्या श्रेणींची कूपने होती. १९८२ साली ती बंद होऊन एकच प्रवेशमूल्य आले. आपल्याकडील मोठ्या उद्यानांनी सामान्यतः हाच एकगठ्ठा तिकिटाचा मार्ग पत्करला.

ओई यांच्या सिद्धांतातील ‘सारख्याच आवडीची गिऱ्हाइके’ हा शब्दप्रयोग मात्र नीट पाहिला पाहिजे. कुटुंबातील माणसे सारख्या आवडीची कधी असतात? बारा वर्षांचा मुलगा एकाच रोलर कोस्टरवर चार वेळा बसेल. पाच वर्षांच्या मुलीला उंचीच्या पट्टीपाशीच थांबवले जाईल. आईला चक्कर येईल आणि आजी सावलीतल्या बाकावर बसून सर्वांच्या पिशव्या सांभाळील. जत्रेतला पाळणेवाला पाळण्यात बसणाऱ्याकडून पैसे घेतो. उद्यानाचे फाटक आत येणारी डोकी मोजते. फरक एवढाच, पण त्यापायी नातवंडांचा आनंद नुसता डोळ्यांनी पाहू इच्छिणारे माणूस हिशेबातून बाद होते. ज्येष्ठांना सवलत असली तरी बाकावर बसण्यासाठी काही शे रुपये मोजणे त्या पिढीच्या गळी उतरत नाही.

एकगठ्ठा तिकिटाचा दुसरा परिणाम आत शिरल्यावर दिसतो. पैसे आधीच गेलेले असतात, म्हणून ते ‘वसूल’ करण्याची धडपड सुरू होते. जो खर्च झाला आणि परत मिळणार नाही त्याचा विचार पुढील निर्णयात करू नये, हा अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षातला धडा. परंतु दुपारी तीनच्या उन्हात पेंगुळलेल्या मुलीला ओढत सहाव्या रांगेकडे नेणाऱ्या बापाला तो कोण सांगणार? खेळाचा दर शून्य झाला की त्याची वाटणी रांगेने होते, म्हणजे किंमत पैशाऐवजी वेळेत चुकवावी लागते. काही उद्यानांत जादा दराचे तिकीट घेऊन ही रांगही टाळता येते. आपल्या आधी कोणी पुढे का गेले, हे तासभर तिष्ठत असलेल्या मुलाला समजावून सांगणे बापाला जड जाते. जत्रेत हातावर पन्नास रुपये ठेवले की मूल पाळणा, फुगा आणि खाजे यांत निवड करायला शिके. उद्यानात निवड फाटकापाशीच संपते.

आता खर्चाचा हिशेब पाहू. माणशी तिकीट दीड हजार रुपये धरले तरी चौघांचे सहा हजार होतात. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास बहुधा मनाई असते, त्यामुळे जेवणाचा खर्च आतल्याच दराने होतो. वर प्रवास, मुक्काम आणि कर. वस्तू व सेवा कर २०१७ साली आला तेव्हा अशा उद्यानांवर २८ टक्के होता. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्के झाला. नोकरदाराला रजा प्रवास सवलत मिळाली तरी ती प्रवासभाड्यापुरती. फाटकावरील तिकिटाला तिचा आधार नाही. तरीही कुटुंबे जातात, कारण जूनमध्ये शाळा उघडली की वर्गात ‘सुटीत कोठे गेला होतास?’ हा प्रश्न अटळ असतो. त्या एका प्रश्नाला उत्तर असावे म्हणून कितीतरी पालक ऐपतीबाहेर खर्च करतात. हौसेच्या या बाजूला उधळपट्टी म्हणून हिणवणे सोपे आहे. मुलाला वर्गात खाली मान घालावी लागू नये, ही इच्छा मात्र उधळपट्टीची नव्हे.

म्हणून उपदेशापेक्षा उपाय सुचविणे बरे. जगात यावर उपाय नाही असेही नाही. व्हिएन्नाच्या प्राटर उद्यानात प्रवेश विनामूल्य आहे. १८९७ सालच्या तेथील प्रसिद्ध आकाशपाळण्यात जो बसेल त्याने पैसे द्यावेत. कोपनहेगनचे तिव्होली १८४३ पासून चालू आहे. तेथे प्रवेशाचे तिकीट निराळे आणि खेळांचे निराळे. बागेत फिरायला, दिवे पाहायला आलेल्या वृद्धाला रोलर कोस्टरचा भुर्दंड पडत नाही. आपल्या उद्यानांनीही खेळांत भाग न घेणाऱ्या सोबत्यासाठी अल्प दराचे तिकीट ठेवावे. त्या सोबत्यापायी त्यांचा खर्च जवळजवळ वाढत नाही. उलट तो आत चहा घेतो, जेवतो, नातवंडांना खाऊ देतो. जो एरवी घरीच राहिला असता त्याला आत आणण्यात मालकाचाही फायदाच आहे. याचा कोणी गैरफायदा घेईल ही शंका रास्त असली, तरी हातात वेगळ्या रंगाची पट्टी बांधून तिचे निवारण होण्यासारखे आहे.

कुटुंबालाही काही करता येईल. निघण्यापूर्वी मुलांना एकूण खर्चाचा आकडा सांगावा. त्यांच्याशी बसून चार-पाच खेळ ठरवावेत आणि ते झाले की वसुलीचा विचार सोडून सावलीत बसावे. आनंद खेळांच्या संख्येने वाढत जात नाही, हे घटत्या सीमान्त उपयोगितेचे तत्त्व पाचव्या झोक्यानंतर मुले स्वतःच अनुभवतात. मोठ्यांनाच ते मानवत नाही.

आणि शेवटी रत्नागिरीचा प्रश्न उरतोच. भाट्याची पुळण, मांडवीचा किनारा, रत्नदुर्ग, थिबा राजवाडा, आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे आणि तेथून केशवसुतांचे मालगुंड, एवढे वैभव ज्या गावाच्या आसपास आहे तेथील मुलाला ‘गावात काय आहे?’ असे वाटावे, यात दोष एकट्या मुलाचा नाही. स्वच्छ शौचालय, धड चालणारे झोके, बसायला सावलीचा बाक, पिण्याचे पाणी आणि संध्याकाळी पुरेसा उजेड एवढ्या गोष्टी सार्वजनिक जागी असल्या तर वर्षातल्या शे-दीडशे संध्याकाळी मुलांना आनंद मिळेल. उद्यानाची वारी वर्षातून एकदाच होईल. ती जरूर व्हावी. पण उरलेल्या संध्याकाळींची तजवीज नगरपालिकेने आणि नागरिकांनी मिळून करायची आहे. तेथल्या बाकावर बसायला आजीला तिकीट लागणार नाही.