हवेत दिसतं ते सगळं होलोग्राम नसतं

गिरगाव-ठाकूरद्वारचे गणेशोत्सवातले देखावे असोत, मुलांच्या शाळेतलं विज्ञान प्रदर्शन असो की दुकानाच्या काचेत गरगर फिरणारी अंगठी, हवेत काही दिसलं की आपण लगेच होलोग्राम म्हणून मोकळे होतो. खरं तर यातलं बहुतेक होलोग्राम नसतंच.

दुकानात असतो तो एलईडी पंखा. पात्यांवरचे दिवे नेमक्या क्षणी पेटतात-विझतात आणि पाती इतकी जोरात फिरतात की ती दिसतच नाहीत, नुसतं चित्र दिसतं. मुलं हात लावायला धावतात. पंख्यावर झाकण नसेल तर लेकरांना लांबच ठेवा, बोट कापू शकतं.

स्टेजवर अवतरणारा माणूस ही तर फार जुनी युक्ती. १८६२ साली लंडनमध्ये जॉन पेपर यांनी ती गाजवली. स्टेजवर तिरकी काच, प्रेक्षकांना न दिसेल अशा जागी प्रकाशात उभा नट आणि काचेत त्याचं प्रतिबिंब, म्हणजे भूत तयार! २०१२ साली अमेरिकेत दिवंगत गायक टुपाक स्टेजवर 'आला', तो याच तत्त्वावर. काचेऐवजी पातळ प्लास्टिक होतं इतकंच. इंडिया गेटजवळ जानेवारी २०२२ मध्ये दिसलेले नेताजी म्हणजे पारदर्शक पडद्यावर पाडलेला प्रोजेक्टरचा प्रकाश. बातम्यांत मात्र सगळीकडे होलोग्रामच!

आपल्या गिरगावला हे नवं नाही. याच भागातल्या कोरोनेशनमध्ये ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लागला, आणि तो काढणारे फाळके त्याआधी 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग करायचे. नजर कुठे आणि का चुकते, यावर तर इब्नुल हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी 'किताबुल मनाझिर'मध्ये सविस्तर लिहून ठेवलंय.

मग खरा होलोग्राम कुठला? डेनिस गाबोर यांनी १९४७ मध्ये शोधलेला. १९७१ चं नोबेल त्यालाच मिळालं. त्यात वस्तूवरून येणाऱ्या प्रकाशलहरींची नोंद फिल्मवर होते. घरातच बघायचा तर पीव्हीसी आधार कार्ड काढा, हलवा, चकाकणारी खूण बदलते. मोकळ्या हवेत प्रकाश थांबत नाही. काच, पडदा, धूर, काहीतरी लागतंच. कुणी रिकाम्या खोलीत आकृती दाखवून 'करामत' म्हणत पैसे मागत असेल, तर आधी काच शोधा.

मोबाईलवर प्लास्टिकचा पिरॅमिड ठेवून मुलं प्रदर्शनात 'होलोग्राम' मांडतात, तेही पेपर यांचंच भूत. तक्त्यावर तसंच लिहू द्या. परीक्षकांनी विचारलं तर मुलीने प्लास्टिकची एक बाजू थोडी वाकवून दाखवावी: ४५ अंशांचा कोन बिघडला की चित्र लगेच सरकतं.