चीन-युरोप व्यापार आणि आपले नाखुदा

आरे-वारेच्या चढावरून समुद्र पाहिला की आम्हाला आपले नाखुदा आठवतात. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईहून चीनला निघालेली जहाजं याच कोकण किनाऱ्याने दक्षिणेला जात. त्या व्यापारात कोकणी मुस्लिम व्यापारी महंमद अली रोगे यांचाही वाटा होता. ते जमशेटजी जीजीभॉय यांचे भागीदार.

तेव्हा समुद्रमार्गे येणाऱ्या युरोपियनांना चीनने कॅन्टन हे एकच बंदर मोकळं ठेवलं होतं. चहा-रेशमाची किंमत चांदीत मोजावी लागे. चांदी वाचवायला इंग्रजांनी हिंदुस्थानातली अफू पुढे केली. १८३९ मध्ये चीनने अफूचा साठा नष्ट केला, युद्ध पेटलं. हरलेल्या चीनला १८४२ च्या नानकिंग तहात पाच बंदरं खुली करावी लागली, हाँगकाँगही गेलं.

आज पारडं फिरलंय. स्वस्त चिनी मालाची धास्ती आता युरोपला आहे. २०२४ मध्ये युरोपीय संघाने चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर जादा कर लावला. चीनने युरोपच्या ब्रँडीवर लावला.

मुलांना हा इतिहास अभिमानाने जरूर सांगू या. पण अफूच्या नफ्यात आपलेही लोक होते, हे लपवू नये. हलाल-हरामचा हिशेब किनाऱ्यावर ठेवून जहाजात चढता येत नाही.