पाला वाळवा, पण ओल राहू देऊ नका

थंडीच्या दिवसांत अंगणातल्या वाफ्यात मेथी-कोथिंबीर भरभरून येते, कुंडीतला पुदिनाही पसरतो. उरलेला पाला वाळवून ठेवावा का, असे गृहिणी नेहमी विचारतात. अवश्य ठेवावा. मात्र तो पुरता वाळला नाही तर त्यावर बुरशी धरते, आणि मग प्रश्न केवळ चवीचा राहत नाही.

बुरशीच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. त्याने यकृताला इजा होते. १९७४ साली राजस्थान व गुजरातमधील खेड्यांत बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. चिमूटभर पुदिन्याने असे होईल असे नव्हे. पण हे विष उकळून किंवा फोडणीत घालून नाहीसे होत नाही आणि कोणती बुरशी विषारी हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. म्हणून कुबट वास आला किंवा बुरशीचे ठिपके दिसले, तर सगळा पाला फेकून द्यावा.

वाळवण्याची रीत सोपी आहे. दव सुकल्यावर पाने खुडा. पिवळी, किडकी पाने काढून टाका. दोन-तीन पाण्यांनी धुऊन पाणी पूर्ण निथळू द्या. नंतर स्वच्छ सुती कापडावर पातळ पसरा. त्यासाठी वर्तमानपत्र वापरू नका, छपाईची शाई अन्नाला लागू नये. वर मलमलचे फडके घाला, खेळत्या हवेच्या सावलीत ठेवा आणि रोज एकदा खालीवर करा. कडक उन्हात पाला लवकर वाळतो, पण रंग, वास आणि अ जीवनसत्त्व देणारे कॅरोटीन जास्त नष्ट होते.

पान चुरताना कुरकुरले आणि देठ कटकन मोडला, म्हणजे पाला वाळला. देठ वाकला तर ओल आहे. कोरड्या काचेच्या बरणीत भरल्यावर आठवडाभर लक्ष ठेवा. आत वाफ धरलेली दिसली तर लगेच काढून पुन्हा वाळवा. पावसाळ्याच्या दमट हवेत हा उद्योग करूच नये. बरणीत ओला चमचा घालू नये.

वाळल्यावर क जीवनसत्त्व बरेचसे जाते. तेव्हा ताजी भाजी मिळते तोवर तीच खावी. आणि मधुमेहाच्या रुग्णांनी वाळवलेल्या मेथीच्या भरवशावर गोळ्या बंद करू नयेत. मेथी स्वयंपाकात असू द्या, गोळ्या वेळेवर घ्या.