गोळी फोडण्यापूर्वी थांबा!

"डॉक्टर, गोळी फार मोठी आहे, आईंच्या घशाखाली उतरत नाही. कुटून मधातून दिली तर चालेल ना?" हा प्रश्न दवाखान्यात वारंवार येतो. जे विचारतात त्यांना उत्तर तरी देता येते. न विचारता खलबत्त्यात गोळी कुटणारे किंवा दोन चमच्यांत दाबून तिचा चुरा करणारे याहून कितीतरी अधिक असावेत. यात त्यांचा दोष नाही. सहाणेवर मात्रा उगाळून मधातून चाटवण्याची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. औषध पोटात गेल्याशी कारण, मग ते अख्खे जावो की चूर्ण होऊन, असे सर्वांना वाटते.

काही गोळ्यांच्या बाबतीत हे खरेही आहे. पण काही गोळ्यांच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकते. याचे कारण समजण्यासाठी शाळेत शिकलेले थोडे पदार्थविज्ञान आठवावे लागेल.

खडीसाखरेचा खडा दुधात टाका आणि दुसऱ्या पेल्यात तेवढ्याच वजनाची पिठीसाखर टाका. पिठीसाखर क्षणात विरघळते, खडा मात्र बराच वेळ तळाशी राहतो. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर भरतो. त्याचेच एक मिलिमीटरचे तुकडे केले तर एक हजार तुकडे होतात आणि पृष्ठभाग होतो ६० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दहापट! पदार्थ विरघळण्याचा वेग त्याच्या पृष्ठभागावर अवलंबून असतो, हा नियम नॉईस आणि व्हिटनी या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १८९७ साली मांडला. औषधनिर्माणशास्त्र आजही त्याच्या आधाराने चालते. गोळी कुटली की ती लवकर विरघळते. साध्या गोळीत यामुळे सहसा बिघडत नाही. पण जी गोळी मुद्दाम सावकाश विरघळावी म्हणून बनवली आहे, तिचे काय?

सावकाश झिरपणाऱ्या गोळ्या

रक्तदाब, मधुमेह, दमा यांवरील कित्येक गोळ्यांत बारा किंवा चोवीस तासांचे औषध एकत्र भरलेले असते. ते थोडे थोडे बाहेर पडावे अशी योजना असते. काही गोळ्यांत सब्जासारखा पाण्याने फुगणारा पदार्थ वापरतात. पोटात गेल्यावर गोळीभोवती बुळबुळीत थर तयार होतो आणि औषधाचे कण त्यातून वाट काढत हळूहळू बाहेर येतात. कणांच्या अशा पसरण्याचे नियम ॲडॉल्फ फिक या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८५५ साली सांगितले. या पसरण्यात अंतर दुप्पट झाले की लागणारा वेळ साधारण चौपट होतो. म्हणजे त्या थराची जाडी हेच गोळीचे घड्याळ!

दुसऱ्या प्रकारात गोळीवर एक कडक पापुद्रा असतो. त्यातून पाणी आत जाते, पण औषध बाहेर येत नाही. मनुका भिजवल्यावर जशी टम्म फुगते, तसा आतला दाब वाढतो आणि पापुद्र्याला पाडलेल्या अतिसूक्ष्म छिद्रातून औषध ठरावीक गतीने बाहेर ढकलले जाते. औषध संपले तरी रिकामे टरफल तसेच राहते आणि शौचावाटे पडते. ते पाहून "गोळी पचलीच नाही" असे समजून काही रुग्ण दुसरी गोळी घेतात. तसे मुळीच करू नये. औषध शरीरात गेलेले असते, पडते ते नुसते टरफल.

अशी गोळी कुटली तर थरही मोडतो आणि पापुद्राही. दिवसभराचे औषध थोड्या वेळातच रक्तात उतरते. रक्तदाबाची गोळी असेल तर चक्कर येऊन वयस्कर माणूस पडतो आणि खुब्याचे हाड मोडून बसतो. मधुमेहाची ग्लिक्लाझाइडसारखी गोळी असेल तर साखर एकदम उतरून घाम सुटतो, शुद्ध हरपते. दम्याच्या थिओफायलिनने छातीत धडधड होते, प्रमाण फार वाढले तर झटकेही येतात.

वेगाचा हा धोका कल्पनेतला नाही. निफेडिपिन या रक्तदाबाच्या औषधाची द्रवाने भरलेली कॅप्सूल टोचून जिभेखाली देण्याचा प्रघात १९८० च्या दशकात ठिकठिकाणी होता. दाब काही मिनिटांत उतरे, पण किती उतरेल यावर कोणाचा ताबा नसे. मेंदूचा व हृदयाचा रक्तपुरवठा अचानक कमी होऊन पक्षाघात, हृदयविकाराचे झटके आणि मृत्यूही नोंदले गेले. १९९६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ही पद्धत थांबवावी असे आवाहन प्रसिद्ध झाले. तेच निफेडिपिन सावकाश झिरपणाऱ्या गोळीच्या रूपात आजही उपयोगी पडते. औषध एकच, फरक वेगाचा. घाटातल्या पाटीवर लिहिलेले असते ना, "अति घाई संकटात नेई", ते पोटातही लागू पडते.

आम्लापासून जपलेल्या गोळ्या

जठरातील आम्ल फार तीव्र असते. पॅन्टोप्राझोलसारखे पित्ताचे औषध त्यात नष्ट होते. म्हणून त्यावर असे आवरण देतात की जे आम्लात टिकते आणि पुढे लहान आतड्यात आम्लता कमी झाल्यावर विरघळते. ही गोळी चावली की आवरण गेले, आणि औषधही बरेचसे वाया गेले. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकावर असे आवरण जठराचा दाह टाळण्यासाठी असते.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. हृदयविकाराच्या झटक्याच्या वेळी डॉक्टर ॲस्पिरिनची गोळी चावून खायला सांगतात. तेथे वेगच हवा असतो.

मग करावे काय?

१) पाकिटावर औषधाच्या नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर, एमआर किंवा रिटार्ड अशी इंग्रजी अक्षरे असतील, अथवा एंटरिक कोटेड किंवा गॅस्ट्रो-रेझिस्टंट असे लिहिले असेल, तर गोळी कुटू नये, चावू नये. अक्षरे दिसली नाहीत तरी औषध दुकानदाराला विचारूनच काय ते करावे.

२) गोळीवर मध्यभागी रेघ असेल तर बहुधा अर्धी करता येते. सावकाश झिरपणाऱ्या काही गोळ्याही रेघेवर मोडता येतात, पण त्यांचा चुरा चालत नाही. विचारून खात्री करावी.

३) गिळण्याची पद्धत सुधारावी. ताठ बसून आधी घोटभर पाणी प्यावे. कॅप्सूल पाण्यावर तरंगते, त्यामुळे मान मागे टाकली तर ती दातांच्या बाजूला येते. ती जिभेवर ठेवून पाण्याचा घोट घ्यावा, हनुवटी छातीकडे झुकवावी आणि गिळावे. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या युक्तीने बहुतेकांना कॅप्सूल गिळणे सोपे गेले. गोळी घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये.

४) पक्षाघातानंतर ज्याला पाण्यानेही ठसका लागतो, त्याच्यावर ही युक्ती करू नये. अशा रुग्णाला, तसेच नाकातील नळीने अन्न जाते त्याला, कुठली औषधे द्यायची याची यादी डॉक्टरांकडून वेगळी करून घ्यावी. बऱ्याच औषधांना पातळ औषध, पाण्यात विरघळणारी गोळी किंवा त्याच गटातले दुसरे औषध असा पर्याय मिळतो. प्रमाण व वेळा मात्र बदलतात, म्हणून हा बदल घरच्या घरी करू नये.

५) अशी गोळी चुकून कुटून दिली गेली असेल तर रुग्णाला एकटे सोडू नये, उठून चालू देऊ नये. शक्य असेल तर रक्तदाब व साखर तपासावी आणि पुढची मात्रा देण्यापूर्वी डॉक्टरांना कळवावे.

डॉक्टर पाच औषधे लिहून देतात, तेव्हा "यातली कुठली अख्खीच गिळायची?" एवढा एक प्रश्न न संकोचता विचारा. घरात वयस्कर माणूस असेल तर त्याच्या औषधांच्या डब्यात या गोळ्यांच्या पाकिटावर लाल पेनाने "फोडू नये" असे आजच लिहून ठेवा. औषध देणारे हात घरात बदलत असतात. आज सून देते, उद्या नातू देईल. त्यालाही ते कळायला हवे.