स्वमग्न माणूस आणि पोलीस ठाणे

रात्रीची गस्त घालणाऱ्या पोलीस शिपायाच्या दृष्टीला वर्षानुवर्षांच्या अनुभवाने एक वळण पडलेले असते. हाक मारली असता जो थांबत नाही, नाव विचारले असता जो नजर चुकवितो, प्रश्नाला सरळ उत्तर न देता जो भलतेच काही पुटपुटतो आणि अंगाला हात लागताच जो हिसडा मारून पळू लागतो, त्या इसमाच्या मनात काहीतरी काळेबेरे आहे असे तो धरून चालतो. आणि पुष्कळ प्रसंगी त्याचा हा तर्क खरा ठरत असल्यामुळे त्याच्या या सवयीला सरसकट दोषही देता येत नाही. परंतु हीच चारही लक्षणे, याच क्रमाने, अशा एका माणसाच्या ठिकाणीही आढळून येतात की ज्याच्या मनात कपटाचा लवलेशही नसतो. तो माणूस स्वमग्न असतो, आणि त्या शिपायाला ते ठाऊक नसते.

पिंपरी-चिंचवडमधील तळवड्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिक निकडीचा होतो, त्याचे कारण तेथील बदललेल्या वस्तीत आहे. इंद्रायणीकाठचे हे शेतकऱ्यांचे गाव गेल्या काही दशकांत आयटी पार्क, लघुउद्योगांच्या शेडी, मालाची गोदामे आणि चाकणच्या दिशेने अहोरात्र धावणारी अवजड वाहने यांनी वेढले गेले. ज्या काळी गाव लहान होते, त्या काळी स्वमग्न मूल वाट चुकून वेशीबाहेर गेले तरी ते कोणाचे, हे शेताच्या बांधावरचा कोणीही सांगू शकत असे. आज त्या मुलाचे आईवडील बीडहून, बिहारहून किंवा ओडिशातून आलेले असतात. शेजारची खोली दर काही महिन्यांनी नव्या भाडेकरूंची होते. कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरीही टिकत नाही. त्यामुळे घराबाहेर पडलेल्या स्वमग्न मुलाची अथवा तरुणाची गाठ प्रथम पडते ती गस्तीवरच्या पोलिसाशी, आणि त्या पहिल्या दोन मिनिटांत काय घडते यावर पुढचे सारे अवलंबून राहते.

लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या निरीक्षणांवरून ज्या अवस्थेचे प्रथम सविस्तर वर्णन केले, ती स्वमग्नता अथवा ऑटिझम म्हणजे रोग नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतच असलेला तो एक वेगळेपणा आहे आणि तो जन्मभर सोबत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ साली जगात साधारणतः १२७ माणसांमागे एक माणूस स्वमग्न होता. कोणी मुळीच बोलत नाही, कोणी अस्खलित बोलतो आणि आयटी पार्कात नोकरीही करतो. परंतु दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव वाचणे, गर्भितार्थ ओळखणे आणि आवाज, प्रकाश व स्पर्श यांचा मारा सोसणे हे त्यांपैकी बहुतेकांना कमीअधिक प्रमाणात दुष्कर असते. आता अशा तरुणासमोर पोलिसांची गाडी येऊन थांबते, असे समजा. वरचा दिवा गरगर फिरतो आहे, बिनतारी यंत्र खरखरते आहे, विजेरीचा झोत डोळ्यांत जातो आहे आणि दोन माणसे एकाच वेळी वरच्या पट्टीत प्रश्न विचारीत आहेत. तरुण कान झाकून घेतो, पंजे झपाझप हलवू लागतो, पुढेमागे डोलतो. या हालचालींनीच तो स्वतःस सावरीत असतो. त्या बळाने रोखल्या तर त्याचा उरलासुरला तोलही सुटतो. दंड पिरगाळून त्याला पालथे पाडणे आणि पाठीवर गुडघा रोवणे तर प्राणावरही बेतू शकते.

भाषेची अडचण याहून सूक्ष्म आहे. "नाव सांगशील का?" या प्रश्नाला तो "हो" म्हणून गप्प राहतो, कारण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने त्याच्या दृष्टीने दिलेले असते. "फार शहाणपणा करू नकोस" हे वाक्य त्याला निव्वळ कोड्यात टाकते. कित्येक स्वमग्न माणसांना ऐकलेल्या वाक्याचे शेवटचे शब्द जसेच्या तसे परत उच्चारण्याची सवय असते. हवालदार दरडावून विचारतो, "चोरी तूच केलीस ना?" आणि समोरून उत्तर येते, "तूच केलीस ना." ऐकणाऱ्याला तो उद्धटपणा वाटतो. तोच प्रश्न "केली का? नाही की हो?" असा आला आणि प्रतिध्वनी "हो" या शब्दाचा निघाला, तर तीच कबुली ठरते. पोलिसांपुढचा कबुलीजबाब न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही हे खरे, परंतु तपासाची दिशा तेथेच ठरून गेलेली असते. म्हणून प्रश्न लहान असावा, एका वेळी एकाच अंमलदाराने विचारावा, त्यात उत्तर भरलेले नसावे आणि विचारल्यावर नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक वेळ थांबावे.

या अज्ञानाची किंमत जगात अनेकांनी मोजली आहे. अमेरिकेतील नॉर्थ मायामी येथे जुलै २०१६ मध्ये एक स्वमग्न तरुण रस्त्यावर बसला होता आणि त्याच्या हातातील खेळण्यातला ट्रक शस्त्र समजला गेला. त्याच्या शेजारी हात वर करून उताणा पडलेला त्याचा काळजीवाहक, हे खेळणे आहे असे ओरडून सांगत असतानाही, पोलिसाच्या गोळीने जखमी झाला. पुढच्याच वर्षी अॅरिझोना राज्यातील बकाय येथे बागेत दोऱ्याशी खेळणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाला एका पोलीस अधिकाऱ्याने अमली पदार्थांच्या संशयावरून जमिनीशी दाबून धरले. आणि विशेष हे, की नशेची लक्षणे ओळखण्याचे खास शिक्षण त्या अधिकाऱ्याला मिळालेले होते. आपल्या वाचकांना हा विषय २०१० च्या 'माय नेम इज खान' या चित्रपटातील विमानतळावरच्या प्रसंगातून परिचित असेल.

आपल्याकडे पोलिसाचा हात एवढ्यातेवढ्याला पिस्तुलाकडे जात नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु आपल्याकडचे भय जमावाचे आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील रईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. ती माणसे बोलू शकत होती, आपण कोण हे सांगू शकत होती, तरीही वाचली नाहीत. ज्याला बोलता येत नाही, तो अशा जमावाच्या तावडीत सापडला तर त्याला वाचविणारा पोलिसाखेरीज दुसरा कोण आहे? स्वमग्न मुलांच्या आईबापांना पोलिसांविषयी जितके भय वाटते तितकीच त्यांची गरजही वाटते.

कायद्याने या बाबतीत पुष्कळ तजवीज करून ठेवलेली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ यात स्वमग्नता हे दिव्यांगत्व म्हणून समाविष्ट आहे. त्याच्या कलम ७ अन्वये दिव्यांग व्यक्तीवरील अत्याचाराची माहिती मिळताच तिला संरक्षण मागण्याचा व मोफत विधिसाहाय्याचा हक्क समजावून देणे हे पोलिसाचे कर्तव्य आहे, आणि कलम ४७ अन्वये पोलिसांच्या प्रशिक्षणात दिव्यांगांच्या हक्कांचा विषय असलाच पाहिजे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे दिव्यांग साक्षीदाराला जबाबासाठी ठाण्यावर बोलावता येत नाही, त्याच्या राहत्या ठिकाणी जावे लागते. लैंगिक अत्याचाराची फिर्याद असेल तर ती विशेष शिक्षकाच्या किंवा दुभाष्याच्या साहाय्याने, चित्रीकरणासह नोंदवावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये एका अंध पीडितेच्या खटल्यात, दिव्यांग साक्षीदाराची साक्ष केवळ दिव्यांगत्वामुळे दुबळी मानता येणार नाही, असे बजावले. पण विशेष शिक्षक रात्री अकरा वाजता कोठून आणावा, त्याचा दूरध्वनी क्रमांक ठाणे अंमलदाराच्या टेबलावर आहे काय, या साध्या प्रश्नाशी सारा कायदा अडून बसतो. पिंपरीत महानगरपालिकेचे दिव्यांग भवन आहे, पुणे परिसरात विशेष शाळा आहेत. त्यांची यादी ठाण्याच्या भिंतीवर लावण्यास कोणत्याही मंजुरीची वाट पाहावी लागू नये.

तथापि माझ्या मते पोलीस आणि स्वमग्न माणूस यांची गाठ गुन्ह्यापेक्षा हरवण्याच्या प्रसंगीच अधिक पडत असावी. २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, चार वर्षांवरील स्वमग्न मुलांपैकी सुमारे निम्म्यांनी घरातून किंवा शाळेतून निघून जाण्याचा निदान एकदा तरी प्रयत्न केल्याचे आढळले. नागपूरची एक हकीकत यासंबंधी बोलकी आहे. तो मुलगा स्वमग्न नव्हे, बौद्धिक दिव्यांग म्हणून नोंदला गेला होता. २०११ मध्ये लहान वयात रेल्वे स्थानकावर सापडला, स्वतःविषयी काही सांगू शकला नाही, अनाथालयात आणि पुढे एका सहृदय कुटुंबात वाढला, आणि २०२१ मध्ये आधारसाठी बोटांचे ठसे देताना तो जबलपूरचा असल्याचे उघडकीस आले. दहा वर्षे त्याचे आईवडील त्याला पारखे झाले होते. याच्या उलट, सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईत वरळीहून भरकटलेला बारा वर्षांचा एक बौद्धिक दिव्यांग मुलगा कुलाबा पोलिसांच्या हाती आला; त्याच्या गळ्यातील लॉकेटवर क्यूआर कोड होता, तो मोबाइलवर वाचताच घरचा क्रमांक मिळाला आणि काही तासांत मुलगा घरी पोहोचला. पोलिसांनी गळ्याकडे पाहिले म्हणूनच ते लॉकेट उपयोगी पडले.

पोलिसांना अशा मुलाची ओळख घटनेच्या आधीच व्हावी, एवढेच माझे म्हणणे आहे. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात २०२० पासून स्वमग्न वाहनचालकांसाठी निळा लिफाफा मिळतो. परवाना व कागदपत्रे त्यात ठेवायची, आणि वरच्या बाजूस पोलिसाने कसे बोलावे, चालकाने काय करावे हे छापलेले असते. तळवड्यात याहूनही सोपे काही करता येईल. आईने मुलाला घेऊन एखाद्या निवांत दुपारी ठाण्यावर जावे, त्याला गणवेश जवळून पाहू द्यावा, बिनतारी यंत्राचा आवाज ऐकू द्यावा. आणि ठाण्याने त्याचे छायाचित्र, घरचा क्रमांक, तो कशाने बिथरतो, कशाने शांत होतो आणि कोणत्या ठिकाणांची त्याला ओढ आहे, एवढे एका पानावर नोंदवून ते बीट अंमलदाराच्या मोबाइलवर ठेवावे. माहिती अर्थातच कुटुंबाच्या संमतीनेच घ्यावी आणि ठाण्याबाहेर जाऊ देऊ नये.

एक पोकळी मात्र अशा ओळखीनेही भरून निघत नाही. १८ वर्षांखालील मूल हरवले तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशाप्रमाणे अपहरणाचा गुन्हा गृहीत धरून तात्काळ तपास सुरू होतो. परंतु बावीस वर्षांचा, एक शब्दही न बोलणारा स्वमग्न मुलगा निघून गेला, तर कागदोपत्री तो सज्ञान, स्वखुशीने घर सोडलेला इसम ठरतो, त्याची केवळ बेपत्ता म्हणून नोंद होते आणि आईला "येईल संध्याकाळपर्यंत, वाट पाहा" असे सांगितले जाते. १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झालेले पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय तसे नवे आहे, आणि नव्या दप्तरात चांगला पायंडा पाडणे सोपे असते. अशा सज्ञान व्यक्तीचा शोध लहान मुलाच्याच तातडीने घ्यावा, असे एक परिपत्रक आयुक्तांच्या सहीने निघू शकते. भरकटलेल्या स्वमग्न मुलांच्या मृत्यूंत बुडून मरण्याचे प्रमाण फार मोठे आहे आणि पाण्याची त्यांना विलक्षण ओढ असते. तेव्हा तळवड्यापुरते त्या परिपत्रकात हेही लिहावे, की खबर येताच पहिली गाडी बसथांब्याकडे न पाठविता इंद्रायणीच्या काठाकडे पाठवावी.