गालाच्या आत दिवा, बाहेरून सोनोग्राफी

सातारा-सांगलीच्या गावांत सकाळी मिश्री लावणाऱ्या बाया आणि गालात तंबाखूचा बार धरणारे गडी अजून भेटतात. बार धरायची जागा वर्षानुवर्षे तीच, आणि गालाचा कर्करोग बहुधा त्याच जागी धरतो. सुरुवातीला पांढरा-लाल चट्टा, न भरणारी जखम. दुखत नाही म्हणून माणूस अंगावर काढतो. मिरजेला किंवा कराडला पोचेपर्यंत जबड्याला हात घालावा लागतो.

चट्टा दोन सेंटिमीटरच्या आत आहे, गळ्यातल्या गाठींपर्यंत गेलेला नाही, अशा रुग्णांवर अलिगढच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयात अमेरिकी संशोधकांच्या साथीने प्रकाशोपचार करून पाहिला गेला. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. काही रुग्ण खेड्यांतल्या तपासणी शिबिरांतून आले होते. त्यांना अमिनोलेव्हुलिनिक आम्ल हे औषध पाजले. कर्करोगाच्या पेशी त्यापासून पोर्फिरिन नावाचे द्रव्य जास्त साठवतात. मग ६३५ नॅनोमीटरचा लाल प्रकाश स्वस्त एलईडी दिव्यातून, प्रकाशतंतूवाटे, गालाच्या आत सोडला. प्रकाश पडला की ते द्रव्य भोवतीच्या प्राणवायूला विखारी करते आणि पेशी मरतात. कापाकापी नाही, म्हणून गिळणे-बोलणे टिकते. बहुसंख्य रुग्णांच्या गालातल्या गाठी पूर्ण गेल्या.

पण लाल प्रकाश मांसात काही मिलिमीटरच शिरतो. वरचा थर जळून पडला आणि खाली मूळ राहिले, तर डोळ्यांना ते दिसणार नाही. इथे सोनोग्राफी लागते. प्रोब बाहेरून गालावर ठेवून गाठीची जाडी आधी मोजायची, मग सूज ओसरू देऊन आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा मोजायची. अलिगढमध्ये हेच केले आणि तुकडा काढून ते पडताळूनही पाहिले. बोस्टनमध्ये श्रीवल्लीशा मल्लिदी आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रकाशोपचार केलेल्या उंदरांवर त्यापुढचे पाऊल टाकले. लेझरच्या झोताने रक्तातून उमटणारा ध्वनी अल्ट्रासाउंडने टिपून गाठीतला प्राणवायू मोजला, आणि त्यावरून उपचारानंतर २४ तासांच्या आतच कोणती गाठ परत येणार याचा अंदाज बांधला. उपचार फसला हे महिन्यांनी कळण्याऐवजी दुसऱ्या दिवशी कळावे, यातच या संशोधनाचे मोल आहे.

दिवा बॅटरीवर चालतो, पिशवीत घालून जत किंवा पाटणच्या वाडीवर नेता येईल. सोनोग्राफी यंत्र तसे नेता येत नाही. पोर्टेबल यंत्रांवर गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याची कडक बंधने आहेत, आणि ती असायलाच हवीत. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातल्या दर हजार मुलग्यांमागे ८६७ मुली होत्या. २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी सापडलेले गर्भपातातले भ्रूण या भागाने पाहिले आहेत. तेव्हा कायदा सैल करा असे मी मुळीच म्हणणार नाही. शिबिरात चट्टा हेरायचा आणि मोजणीसाठी रुग्णाला नोंदणीकृत केंद्रात न्यायचे, हीच वाट.

तशी केंद्रे इथे आहेत. १८९४ मध्ये विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत इस्पितळ उभारल्यापासून हे गाव दक्षिण महाराष्ट्राचा दवाखाना आहे. कराडलाही वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या रेडिऑलॉजिस्ट आणि मुखशल्यचिकित्सकांनी, रीतसर नैतिक परवानगी घेऊन, अलिगढसारखा अभ्यास इथल्या रुग्णांवर करावा. तोवर वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे: हा उपचार अजून सर्रास मिळत नाही, त्याची वाट पाहत शस्त्रक्रिया लांबवू नका, आणि तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर लगेच दाखवा.