गॅरेजसाठी क्लोन स्कॅनर घ्यावा का? घेण्याआधी काय तपासायचं, घेतल्यावर काय सुधारायचं



१ एप्रिल २०२० पासून विकली जाणारी नवी गाडी बीएस-६ आहे. त्यामुळे बारामतीच्या भिगवण रोडला गॅरेज टाका नाहीतर इंदापूरला सोलापूर हायवेवर, पाना-पक्कडीसोबत स्कॅनर लागणारच. नवीन माणसाच्या हातात भांडवल कमी असतं आणि ऑनलाइन पाचशे-सातशे रुपयांचा डोंगल दिसतो. तो घ्यावा का? घ्या, पण समजून घ्या.

क्लोन म्हणजे नक्की काय?

कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने २००५ च्या सुमारास ईएलएम३२७ ही चिप आणली. गाडीच्या ईसीयूची भाषा मोबाईलला समजेल अशी करून देणं, हे तिचं काम. पहिल्या आवृत्तीतला प्रोग्राम कॉपी होण्यापासून सुरक्षित नव्हता, म्हणून बाजारात हजारो नकला आल्या. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंदही झाली. त्यामुळे स्वस्तातला डोंगल क्लोनच असणार. प्रश्न एवढाच, की तो बरा आहे की टाकाऊ.

दुसरा प्रकार वेगळा आहे. मोठ्या कंपनीच्या महागड्या स्कॅनरची हुबेहूब नक्कल आणि सोबत क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर. इथे सांभाळा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब नुसार माहीत असूनही बेकायदा कॉपी वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. दुकान धंद्यासाठी आहे, म्हणून 'मला माहीत नव्हतं' यावर विसंबू नका. शिवाय असं सॉफ्टवेअर टाकताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. त्याच लॅपटॉपवर तुमचं जीएसटी आणि बँकेचं काम असेल, तर घराची किल्ली चोराच्या हातात दिल्यासारखंच झालं.

घेताना काय बघायचं?

- डब्यावरच्या आवृत्तीवर जाऊ नका. 'व्ही १.५' असं अनेक डोंगलवर लिहिलेलं असतं, पण मूळ कंपनीने ती आवृत्ती कधी काढलीच नाही. 'व्ही २.१' लिहिलेल्या कित्येक नकलांमध्ये तर कमांड आणखी कमी असतात. क्लोन तपासणारी मोफत ॲप मिळतात, ती चालवून बघा.
- परत करता येईल अशा ठिकाणाहूनच घ्या आणि मुदतीत तीन गाड्यांवर लावा: एक जुनी, एक बीएस-४, एक बीएस-६.
- आयफोन वापरत असाल तर साधा ब्लूटूथ डोंगल चालत नाही. वाय-फाय किंवा बीएलई प्रकारचा लागतो.
- उसाच्या हंगामात आपल्याकडे ट्रकची रांग लागते. त्यातले बरेच २४ व्होल्टचे असतात. १२ व्होल्टचा साधा डोंगल त्यांना लावू नका.
- अनेक दुचाकींना १६ पिनांचं सॉकेट नसतं, त्यासाठी वेगळी जोडवायर लागते. तीनचाकीचं सॉकेट आधी प्रत्यक्ष बघून घ्या.

थोडक्या खर्चात सुधारणा

डोंगल उघडा आणि मल्टिमीटरने पिना तपासा. ४ आणि ५ अर्थिंग, ६ आणि १४ कॅन, ७ के-लाइन, १६ बॅटरी. टाका कच्चा असेल तर पुन्हा सोल्डर करा. १६ नंबरच्या वायरला छोटा फ्यूज घाला. फूटभर एक्स्टेंशन केबल वापरली की गाडीचं सॉकेट सैल होत नाही. काम झालं की डोंगल काढून ठेवा, कारण १६ नंबरला सप्लाय कायम चालू असतो आणि बॅटरी उतरते.

यूएसबीवाला क्लोन चालतोय ना? मग अपडेटच्या नादी लागू नका. २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिप असलेली उपकरणं निकामी करून ठेवली होती.

आणि एक नियम भिंतीवर लिहून ठेवा: क्लोनने फक्त वाचायचं, लिहायचं नाही. ईसीयू प्रोग्रामिंगच्या मधेच कनेक्शन तुटलं किंवा व्होल्टेज पडलं तर ईसीयू जाऊ शकतो. मग पाचशेच्या डोंगलपायी गिऱ्हाइकाची भरपाई तुमच्या अंगावर येते. किलोमीटर मागे घेण्याचं काम कोणी कितीही पैसे दिले तरी घेऊ नका, ती सरळ फसवणूक आहे.

कमाई कोडची नाही, निदानाची

पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलू नका. हवा कुठून लीक होते का, फ्युएल प्रेशर किती, एअरफ्लो सेन्सर घाण आहे का, हे आधी बघा. कोड रोगाचं नाव सांगत नाही, दुखतंय कुठे तेवढंच सांगतो. गिऱ्हाईक परत येतं ते पहिल्या फटक्यात दुरुस्ती झाली म्हणून.

ओरिजिनल कधी घ्यायचा?

महिनाभर वही ठेवा. किती गाड्यांना स्कॅन लागला आणि एबीएस, एअरबॅगसारख्या किती कामांना डोंगल अपुरा पडला? समजा एका स्कॅनचे २०० रुपये, रोज २ गाड्या, महिन्यात २५ दिवस. झाले १० हजार. मग ६० हजारांचा स्कॅनर सहा महिन्यांत पैसे फेडतो. त्यातही दरवर्षीच्या अपडेटची फी विचारून हिशेबात धरा. कर्ज काढणार असाल तर बँक जीएसटी कोटेशन मागेल, आणि ते पक्क्या मालाचंच मिळतं.

क्लोन ही शिकायची पायरी आहे. तिच्यावर पाय ठेवून वर चढायचं, तिथेच बसून राहायचं नाही. वही आजपासून सुरू करा.